न शिकवलेलं चिन्ह

ती टेबलाखाली होती. जिनं समोर उभं राहून शिकवायचं तिनंच बॅचच्या पहिल्या दिवशी टेबलाखाली रांगावं हे काही बरं दिसत नाही, पण एक प्लग सैल झाला होता आणि दुसरं कुणी येऊन तो नीट करेल म्हणून वाट बघत बसण्यातली ती नव्हती. वर्ग सुरू व्हायला अजून वेळ होता. खोलीत कुणी नाही अशा समजुतीत ती निवांत वायरशी झटापट करत होती. तेवढ्यात दार करकरलं, ओल्या बुटांचा आवाज फळ्यापाशी येऊन थांबला, आणि एक पुरुषी आवाज हळूच, स्वतःशीच बोलला.

"इथं एक बरोबर कमी पडतंय..."

तिचा हात प्लगवरच थबकला.

फळ्यावरची ती ओळ तिनं मुद्दाम चुकीची लिहून ठेवली होती. दर बॅचला लिहायची. वय अठरा आहे का, हे तपासणारी साधी ओळ. तपासायचं असेल तर बरोबरची दोन चिन्हं जोडून लिहावी लागतात, तिनं लिहिलं होतं एकच. एक बरोबर म्हणजे हुकूम: वयाच्या खणात अठरा ठेवून दे. दोन बरोबर म्हणजे प्रश्न: वय अठरा आहे का? एकच लिहिलं की कॉम्प्युटर विचारत बसत नाही, तो सरळ अठरा ठेवून देतो, आणि मग पाळण्यातलं बाळसुद्धा त्याच्या लेखी अठरा वर्षांचं होतं. नव्या माणसाला ही चूक दिसत नाही. दिसणार तरी कशी? शाळेपासून त्याचं सगळं एकाच बरोबरवर भागलेलं असतं.

ती टेबलाखालून बाहेर आली. समोर एक उंच, बाह्या दुमडलेला माणूस उभा होता. हातात मिटलेली छत्री, टोकातून पाणी गळतंय. टेबलाखालून बाई निघालेली पाहून तो दोन पावलं मागे सरकला.

"काय म्हणालात आत्ता?"

"मी? काही नाही... अक्षर छान आहे म्हटलं."

"बरोबर कमी पडतंय म्हणालात."

"उजेड," तो म्हणाला. "उजेड कमी पडतोय म्हटलं."

डोक्यावर ट्यूबलाइट लख्ख जळत होती. दोघांनीही वर पाहिलं. मग तो जरासा हसला, आणि वाईट म्हणजे हसणं चांगलं होतं. याआधी कुठं शिकलात का, असं तिनं विचारलं, तर म्हणे छे, मला यातलं ओ की ठो कळत नाही, अगदी पाटी कोरी आहे.

"आणि तुमच्या केसांत जळमट आहे," तो म्हणाला. तिनं हात लावला. जळमट खरंच होतं. म्हणजे हा माणूस सोयीप्रमाणे खरंही बोलत होता.

आता तिचा स्वभावच मुळात संशयी होता हे मान्य. घरी तिचा दादा तिला लहानपणापासून ‘फौजदार’ म्हणायचा, आणि लग्न होऊन आलेल्या वहिनीनंही चार दिवसांत तेच नाव उचललं होतं. दुधात पाणी आहे का इथपासून शेजारीण आज एवढी गोड का बोलली इथपर्यंत फौजदारबाईंची चौकशी चालायची. पण या वेळी तिच्या संशयाला तसंच कारण होतं.

कारण खाली होतं. खालच्या मजल्यावर चष्म्यांचं दुकान, वर कॉम्प्युटर क्लास, दोन्हींचा मालक एकच. मालकांनी कुठंतरी पाहिलं होतं की हल्ली धडे आधीच चित्रित करून ठेवतात, मुलं पडद्यावर बघून शिकतात, शिकवायला माणूस लागत नाही. तेव्हापासून त्यांच्या डोक्यात ते खूळ शिरलं होतं. या बॅचच्या आधी जिन्यात चष्म्याची काच पुसता पुसता ते तिला म्हणाले होते, की या खेपेला माझा एक माणूस विद्यार्थी म्हणून बसणार आहे, तुम्ही कशा शिकवता ते बघणार आहे, मग ठरवू तुम्हाला ठेवायचं की पडदा लावायचा. कोण ते तुम्हाला ओळखू येणार नाही, असंही वर म्हणाले. तेव्हापासून तिला जेवण गोड लागत नव्हतं. हा क्लास तिनं दोन जुन्या मशिनींवर सुरू करून इथवर आणला होता. तो गेला तर दादाच्या फर्निचरच्या दुकानात गिऱ्हाइकांना सोफ्यावर बसवून बघत राहायचं, एवढंच उरत होतं. आणि सोफ्याचा तिला मनस्वी कंटाळा होता.

ओळखू येणार नाही म्हणे. पहिल्याच दिवशी ओळखला, असं ती मनात म्हणाली.

वर्ग सुरू झाला. ऑपरेटर म्हणजे काय, तिनं नेहमीसारखं सांगितलं: किमती नुसत्या बसून असतात, त्यांच्यात काहीतरी घडवून आणणारं चिन्ह म्हणजे ऑपरेटर. अधिक, वजा ही ओळखीची मंडळी. गुणाकाराला फुली चालत नाही, चांदणी लागते. भागाकाराला तिरकी रेघ. आणि टक्क्याचं चिन्ह इथं टक्के काढत नाही, भागून जे उरतं ते देतं.

"उरलेलं कापड," पहिल्या रांगेतले पडदेवाले काका आनंदानं म्हणाले. काका खिडक्यांचे पडदे शिवून द्यायचे, कोपऱ्यावरच त्यांचं दुकान होतं. खिडकीचं माप टाकलं की कापड किती लागेल ते सांगणारा प्रोग्राम स्वतः लिहायचा, एवढ्याचसाठी ते या वयात क्लासला आले होते. पोराटोरांत बसायचं म्हणून पहिल्या दिवशी त्यांच्या कपाळावर घाम होता. टक्क्याच्या चिन्हानं तो घाम पुसला गेला.

छत्रीवाला त्यांच्या शेजारी बसला होता. एका बोटानं टाइप करत होता. एक अक्षर शोधायचं, बोट वर न्यायचं, नेम धरायचा, मग दाबायचं. तिनं मनातल्या मनात त्याचं नाव ‘एकबोट्या’ ठेवलं. पण मधेच कधी तिची पाठ वळली की मागून पावसाच्या सरीसारखा कळांचा आवाज यायचा, आणि ती वळली की पुन्हा एक बोट हवेत नेम धरून उभं.

दिवस जात राहिले आणि तिचा संशय चांगला पोसला गेला. त्याच्या चुका तिला पटत नव्हत्या. शिकवून शिकवून तिला चुकांचं तोंड ओळखता यायला लागलं होतं. नवा माणूस फुली टाकतो, सातला दोननं भागून साडेतीनऐवजी वरचा अर्धा गाळून तीनच का आले म्हणून रुसतो, कंस उघडतो आणि मिटायला विसरतो. एकबोट्याच्या चुका तशा नव्हत्या. त्या ठरवून केल्यासारख्या नेमक्या होत्या, आणि नेहमी काकांच्या चुकीपेक्षा एक पायरी खाली. काकांचा एक कंस राहिला की याचे दोन राहायचे. काकांनी चिन्ह चुकवलं की हा चिन्ह टाकायचंच विसरायचा. मग तो काकांकडे वळून अगदी गरीब चेहऱ्यानं विचारायचा की काका, हे जरा सांगता का, आणि काका चष्मा वर करून त्याला समजावून सांगायचे. सांगताना काकांचा चेहरा असा फुलायचा की तिला रागावता यायचं नाही.

आणि सगळ्यात वाईट गोष्ट अशी, की तिला ते सगळं बघायला आवडायला लागलं होतं. हजेरी घेताना त्याच्या खुर्चीकडे नजर आधी जायची. तो यायला उशीर झाला की शिकवण्यात मन लागायचं नाही. मालकांचा हेर आला नाही म्हणून कुणाचं मन लागत नाही, असं कधी ऐकलंय का?

एकदा ‘आणि’, ‘किंवा’ हे ऑपरेटर शिकवत होती. ‘आणि’ असेल तर दोन्ही अटी खऱ्या लागतात, ‘किंवा’ असेल तर एक खरी असली तरी काम भागतं. प्रत्येकानं एक उदाहरण द्या म्हणाली. काकांनी पडद्याचं दिलं. एकबोट्या उठून उभा राहिला.

"पाऊस असेल आणि मॅडमकडे छत्री नसेल, तर थांबायचं."

वर्गात खसखस पिकली. ती फळ्याकडे वळली, कारण चेहरा कुठंतरी लपवायला हवा होता.

"ही अट कधीच खरी होणार नाही," ती फळ्यालाच म्हणाली. "माझ्याकडे छत्री कायम असते."

"मग ‘आणि’ काढतो, ‘किंवा’ घालतो," तो म्हणाला आणि खाली बसला.

त्या संध्याकाळी पाऊस होता. तिच्याकडे छत्री होती. तरी तो चष्म्यांच्या दुकानाच्या आडोशाला थांबला होता, आणि ती छत्री उघडायची सोडून तिच्या बटणाशी चाळा करत तिथंच उभी राहिली. काचेआड नजर तपासायचा तक्ता टांगलेला होता, वर मोठी अक्षरं, खाली मुंगीएवढी. तुम्हाला कुठवर वाचता येतं, असं त्यानं विचारलं. तिनं शेवटच्या ओळीपर्यंत धडाधड वाचून दाखवलं.

"एवढी नजर आहे," तो म्हणाला, "म्हणून भीती वाटते."

"लपवण्यासारखं काही असलं की वाटते भीती."

पन्हाळीतून पाणी पडत होतं आणि त्याच्या बाहीवर उडत होतं, तो बाही मागे घेत नव्हता. काहीतरी सांगायचं होतं त्याला, ओठांपर्यंत आलं होतं... आणि तिनं वाट पाहिली. मग तो म्हणाला, उद्या सांगतो. दुसऱ्या दिवशी त्यानं काहीच सांगितलं नाही. तिनं ती गोष्ट मनात नीट नोंदवून ठेवली.

मग एक दिवस काकांनीच बोलता बोलता सांगून टाकलं. हा त्यांचा भाडेकरू होता, दुकानाच्या वरच्या खोलीत राहायचा. रोज संध्याकाळी काका वर जाऊन त्याची क्लासची उजळणी घ्यायचे. त्याचं फार कच्चं आहे हो मॅडम, असं काका काळजीनं म्हणाले, पण पोरगा गुणी आहे. तिनं सहज विचारल्यासारखं करून विचारलं की करतात काय ते. काकांना नक्की माहीत नव्हतं. खोलीतच बसून काम असतं, दिवसभर टकटक टकटक चालू असते. कुठल्याशा कंपनीसाठी दुसऱ्यांच्या चुका शोधून द्यायच्या, असलं काहीतरी काम आहे म्हणाला होता.

दुसऱ्यांच्या चुका शोधून द्यायच्या. आता उरलं काय होतं?

घरी ती ताटावर बसून नुसती भात चिवडत होती. वहिनीनं काय झालं म्हणून खोदून खोदून विचारलं, तेव्हा तिनं सगळं सांगितलं, त्याची बोटं, चुका, टकटक, फक्त आडोशाचं तेवढं वगळून. वहिनीनं शांतपणे ऐकलं आणि म्हणाली, फौजदार, त्या माणसाच्या बाहीचा रंगसुद्धा सांगितलात तुम्ही, ही चौकशी जरा वेगळ्या खात्याची दिसतेय. तिला रडूच आलं. रडणं रागाचं होतं असं तिनं वहिनीला सांगितलं. आपल्या पोटावर पाय द्यायला आलेला माणूस आपल्याला आवडावा, यापेक्षा मूर्खपणा कुठला, असं तिला वाटत होतं, आणि त्यात फारसं खोटं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तिनं सापळा लावला.

आज सगळ्यांसमोर एकजण टाइप करेल, बाकीचे मोठ्या पडद्यावर बघतील, असं तिनं जाहीर केलं आणि त्यालाच बोलावलं. विषय काकांचाच घेतला, पडद्याच्या कापडाचा. ती सांगत गेली: खिडकीची रुंदी गुणिले दोन, कारण चुण्यांसाठी दुप्पट कापड लागतं. त्याला भागिले पन्हा, म्हणजे कापडाची स्वतःची रुंदी. काही उरलं तर एक तुकडा जास्त. तो एक बोट हवेत धरून बसला. मग सांगता सांगताच ती मधे प्रश्न घालायला लागली. राहता कुठं? काकांच्या वर. कधीपासून? बरेच दिवस झाले. घरी कोण कोण असतं? आई, धाकटी बहीण, पण त्या दूर असतात. त्या बहिणीची आठवण येते का, असं विचारताना तिचा आवाज तिच्याही नकळत मऊ झाला. तो तिच्याकडे बघायला लागला, पडद्याकडे नाही. येते, म्हणाला. ती फार भांडते, म्हणून जास्त येते. आणि तो बोलत असताना त्याची दहाही बोटं कळांवरून सरसर पळत होती. न बघता.

मोठ्या पडद्यावर ओळी उमटल्या होत्या, कंस मिटलेले, चिन्हं जागच्या जागी. आणि भागाकाराच्या आधी एक जास्तीची ओळ होती, तिनं न सांगितलेली.

"ही ओळ कसली?"

"पन्हा शून्य नसेल तरच भागायचं," तो अजून तिच्याकडेच बघत म्हणाला. "कुणी चुकून शून्य टाकलं तर शून्यानं भागाकार होईल आणि सगळं..." तो थांबला. त्याच्या लक्षात आलं.

‘शून्य नसेल’ यासाठी त्यानं उद्गारचिन्ह आणि बरोबर जोडून लिहिलं होतं.

"हे चिन्ह मी अजून शिकवलेलं नाही," ती म्हणाली.

जिंकल्यासारखं वाटायला हवं होतं. वाटलं नाही, कारण पहिल्या रांगेतून काका उठले होते. ते पडद्याजवळ आले, चष्मा वर करून त्यांनी ती ओळ वाचली, पुन्हा वाचली.

"हे मीही तुम्हाला शिकवलं नव्हतं," ते त्याला म्हणाले.

"काका, मी सांगणार होतो..."

"रोज संध्याकाळी तुम्ही मला विचारायचात. मी रोज जिना चढून यायचो." काकांच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच ऐकवत नव्हतं. "तुम्हाला सगळं येत होतं."

त्यांनी चष्म्याचं घर खिशात घातलं आणि ते निघून गेले. वर्गात कुणी मान वर केली नाही.

तो त्यांच्या मागे धावला. ती त्याच्या मागे जिन्यापर्यंत गेली. काका गल्लीत दिसेनासे झाले होते, तो खालच्या पायरीवर हताश उभा होता. आता मालकांना काय कळवायचं ते कळवा, असं तिनं वरूनच सुनावलं, काम तर झालं तुमचं. त्यानं वळून पाहिलं. कोण मालक, असं त्यानं विचारलं, आणि इतकं खरं विचारलं की तिला आणखी राग आला. मग तिनं सगळं बोलून टाकलं, हेर, चुका, पडद्यावरचे धडे, सगळं.

"काकूंनी पाठवलं मला," तो म्हणाला. "काकांना एकट्यानं बसायची लाज वाटत होती. सगळ्यात मठ्ठ मीच आहे असं वाटेल म्हणाले. म्हणून काकू म्हणाल्या, तुम्ही त्यांच्याहून मठ्ठ व्हा. प्रोग्राममधल्या चुका शोधायचं माझं काम आहे, लोक कशा चुका करतात ते मला पाठ आहे. वाटलं, जमेल." त्यानं वर तिच्याकडे पाहिलं. "तुम्ही विचारलं असतं तर सांगितलं असतं."

"विचारलं होतं. पहिल्याच दिवशी. उजेड कमी आहे म्हणालात."

तो मान खाली घालून निघून गेला. छान गोष्ट रचलीय, असं तिनं स्वतःला सांगितलं. रात्रभर तेच सांगत राहिली.

सकाळी ती सरळ मालकांकडे गेली. ते एका चष्म्याची काडी पिळत बसले होते. तुमचा माणूस ओळखला मी, असं तिनं सांगितलं. मालकांनी गोंधळून विचारलं की कुठला माणूस. मग आठवलं त्यांना, आणि ते चक्क हसले. अहो, ते मी सहज बोललो होतो, म्हणाले, तुम्ही जरा जोर लावून शिकवावं म्हणून. पाठवतो कुणाला? ते पडद्याचं खूळ तर कधीच डोक्यातून गेलं, माझ्या पुतण्यानं ते धडे लावले आणि तिसऱ्या मिनिटाला घोरायला लागला.

ती जिन्यात येऊन बसली. दर बॅचला जी चूक ती दुसऱ्यांना फळ्यावर दाखवायची, नेमकी तीच तिनं केली होती. विचारलं नव्हतं, ठेवून दिलं होतं. त्या माणसाच्या खणात ‘हेर’ असं ठेवून दिलं होतं, आणि मग त्यानं काहीही केलं तरी उत्तर तेच येत होतं. आणि त्यापायी एका म्हाताऱ्या माणसाचा चार लोकांत पाणउतारा झाला होता.

काकांच्या दुकानात कापडाचे तागे छतापर्यंत रचलेले होते. काकू गल्ल्यामागं बटणं निवडत होत्या. काका मशीनवर बसून शिवत होते आणि ती आत आली तरी त्यांचा पाय थांबला नाही. तिनं माफी मागितली. हेराचं सगळं सांगितलं, स्वतःला जराही न वाचवता. काकूंनी बटणं बाजूला सारली आणि त्यांनीही कबूल केलं की भाडेकरूला पाठवणारी मीच.

"म्हणजे घरात सगळ्यांना ठाऊक होतं," काका म्हणाले. मशीन थांबलं. त्यांनी पहिल्यांदा तिच्याकडे पाहिलं. "मॅडम, एक विचारतो, खरं सांगा. तुम्ही मला छान म्हणायचात. तेही असंच होतं का?"

तिच्या लक्षात आलं, आपला रोग काकांना लागलाय. आणि तो आपणच लावलाय.

"तुमचे कंस राहतात," ती म्हणाली. "दर वेळी राहतात, दहादा सांगून राहतात. चिन्हाआधी जागा सोडत नाही तुम्ही, वाचताना डोळे फुटतात. कुठलं चिन्ह आधी सोडवायचं हे विचारलं की अंदाजानं ठोकून देता. पण उरलेलं काढायचं चिन्ह तुम्हाला जेवढं लवकर कळलं तेवढं माझ्या एकाही विद्यार्थ्याला कळलेलं नाही. तेव्हा छान म्हटलं ते छान होतं म्हणून. आणि मी उगाच कुणाला छान म्हणते का, हे माझ्या घरी येऊन विचारा. घरात मला फौजदार म्हणतात."

काकांनी तिच्याकडे रोखून पाहिलं. मग ते काकूंकडे वळून म्हणाले की बघ, कंस राहतात म्हणे माझे, तू सांगितलंस का कधी? काकू म्हणाल्या, मला काय ठाऊक तुमचे कंस, मी कृष्णाचा मामा तेवढा ओळखते. काकांना हसू आवरलं नाही. सोमवारी येतो म्हणाले. पण भाडेकरू शेजारी नको, तो मागच्या रांगेत बसेल आणि येतं तेवढं सगळं बरोबर करून दाखवेल, ही माझी अट.

भाडेकरू जिन्यात उभा होता. कधीपासून उभा होता कोण जाणे. तिला पाहून त्याला खाली यावं की वर जावं कळेना. काकूंना मात्र बरोबर कळलं. वरच्या खोलीच्या खिडकीला पडदा लावायचाच आहे, मॅडम आल्याच आहेत तर दोघांनी मिळून माप घेऊन या, असं म्हणत त्यांनी तिच्या हातात टेप ठेवली.

वरची खोली लहान आणि नीटनेटकी होती. टेबलावर दोन स्क्रीन, खिडकीतून समोरच्या छपरांवरचं ओलं ऊन आत येत होतं. त्यानं टेपचं एक टोक धरलं, तिनं दुसरं, आणि दोघं खिडकीच्या दोन बाजूंना उभे राहिले. टेप ताणली गेली, पण माप कुणी वाचेना.

"काकांसाठी आलात हे पटलं," ती म्हणाली. "मालकांना विचारून आलेय."

"आधी मालकांना विचारलंत?"

"मी अशीच आहे. यापुढेही अशीच राहणार. उशीर झाला तर का झाला विचारेन. फोन वाजला तर कुणाचा ते विचारेन. हसलात तर कशाला हसलात ते विचारेन. लोकांना त्याचा कंटाळा येतो."

"माझं अख्खं काम असंच आहे," तो म्हणाला. "हे असं केलं तर काय होईल, ते तसं केलं तर काय होईल... दिवसभर विचारत बसतो. मला अजून कंटाळा आलेला नाही."

खाली मशीन सुरू झालं. ती टेपच्या कडेवरून अंगठा फिरवत राहिली. तिचं काळीज धडधडत होतं आणि त्या पातळ टेपमधून ते त्याला कळत असणार, अशी तिला लाज वाटली.

"मग एक विचारू?"

"विचारा."

"आडोशाला थांबलात त्या दिवशी... काय सांगायचं राहिलं होतं? काकांचं सोडून. ते कळलं मला. दुसरं काही होतं का?"

यावेळी त्यानं वर दिव्याकडे पाहिलं नाही, केसांतल्या जळमटाचा विषय काढला नाही. तिच्याकडे बघत राहिला, आणि त्याचे कान हळूहळू लाल झाले.

"होतं," तो म्हणाला. "तुम्ही आवडता मला. पहिल्या दिवशी काकूंच्या शब्दाखातर आलो, दुसऱ्या दिवशी काकांकरता आलो... नंतर कुणी पाठवायची गरज राहिली नाही."

सवयीनं तिच्या ओठांवर आलंच होतं: कशावरून?

खालून काकांनी हाक मारून विचारलं की माप किती भरलं. दोघांपैकी कुणीच उत्तर दिलं नाही. टेप हळूहळू सैल होत गेली, कारण ती आपलं टोक धरून एकेक पाऊल त्याच्याकडे चालत होती, आणि तो प्रश्न तिनं विचारला नाही.